खाडीकाठच्या शीतगृहातला आर-२२: गळती, गॅसबदल आणि एक चुकलेलं सिलिंडर

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या शीतगृहाचं आहे. संस्थेचं, गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. काम २०२४ च्या पावसाळ्यात झालं आणि पुढचे चौदा महिने, म्हणजे सप्टेंबर २०२५ पर्यंत, नोंदी ठेवल्या गेल्या. किनाऱ्यावर अशी लहान शीतगृहं बरीच आहेत आणि जवळपास प्रत्येकासमोर आज हाच प्रश्न उभा आहे: आर-२२ हा थंडावा देणारा जुना गॅस गळत असताना भरत राहायचा, की बदलायचा? म्हणून निर्णय कसे घेतले गेले ते इथे तपशिलात मांडलं आहे.

पार्श्वभूमी

शीतगृह २००९ साली बांधलेलं. उणे १८ अंशांच्या दोन खोल्या आणि ० ते ४ अंशांची एक. सुरमई, पापलेट आणि कोळंबी गोठवलेल्या खोल्यांत, बांगडा आणि रोजचा माल थंड खोलीत. तिन्ही खोल्यांना स्वतंत्र यंत्रणा: सेमी-हर्मेटिक (मोटर आतच असलेला, पण उघडता येणारा) कंप्रेसर, गच्चीवर हवेने थंड होणारा कंडेन्सर, आत पंखेवाली कॉइल, मध्ये तांब्याची पाइपलाइन. तिन्हींत आर-२२. फ्रीझर-१ मध्ये ३८ किलो, फ्रीझर-२ मध्ये ३६ आणि थंड खोलीत २२, एकूण ९६ किलो.

गच्ची पश्चिमेला समुद्राकडे उघडी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत खारा वारा थेट कंडेन्सरच्या तोंडावर येतो. पावसाळ्यात मुसळधार सरी निदान मीठ धुऊन नेतात. उरलेले आठ महिने ते पंखांच्या पत्र्यांत साचत राहतं.

यंत्रणा बघणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावाहून यायचा. खोली थंड होईनाशी झाली की फोन जायचा, तो प्रेशर बघायचा, "गॅस कमी झालाय, भरून देतो" म्हणायचा आणि तासाभरात काम उरकायचं. नोंदवहीत फक्त "गॅस भरला" एवढंच. किती भरला, कुठून गेला, याची नोंद नाही.

अडचण लक्षात कशी आली

नव्या व्यवस्थापकाने २०२४ च्या मार्चमध्ये चार आर्थिक वर्षांची गॅसची बिलं एकत्र काढली. पहिल्या वर्षी १८ किलो, दुसऱ्या वर्षी ३१, तिसऱ्या वर्षी ४२, चौथ्या वर्षी ५५. एकूण १४६ किलो. यंत्रणेत मावतो ९६ किलो, म्हणजे चार वर्षांत संपूर्ण गॅस दीड वेळा हवेत गेला होता, आणि वेग दरवर्षी वाढत होता.

शीतयंत्रातला गॅस जळत नाही, झिजत नाही, वापरून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरायला हवा. तो "कमी झाला" याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे. ही साधी गोष्ट त्या नोंदवहीने पंधरा वर्षं झाकून ठेवली होती.

विजेच्या बिलातही ते दिसत होतं. गॅस कमी असला की कॉइलचा शेवटचा भाग कोरडा राहतो, कंप्रेसर जास्त वेळ चालतो आणि तापतो. फ्रीझर-१ चा कंप्रेसर दिवसाला २१ तास चालत होता. हाच कंप्रेसर २०२२ मध्ये मोटर जळून दुरुस्त झाला होता आणि आता त्याच्या बेअरिंगचा आवाज येत होता.

हा गॅस वर जाऊन काय करतो

संचालक मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. एका ज्येष्ठ संचालकाने विचारलं, "अहो, समुद्राच्या पाण्यात क्लोरीन काय कमी आहे? दर लाटेबरोबर उडतंय. मग आपल्या डब्यातल्या गॅसचं एवढं काय?" प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा कुठलाही निर्णय मंडळाला पटला नसता.

समुद्राच्या तुषारातलं क्लोरीन मिठाच्या रूपात असतं. मीठ पाण्यात विरघळतं. ते हवेत फार उंच जातच नाही, आणि जे थोडं जातं ते पाऊस खाली आणतो. कोकणात तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आर-२२ चं तसं नाही. त्याच्या रेणूत एक कार्बन, एक हायड्रोजन, एक क्लोरीन आणि दोन फ्लोरिन. पाऊस त्याला धुऊन काढू शकत नाही, म्हणून तो हवेत मिसळून सगळीकडे पसरतो. त्याच्या वजनाचा सुमारे ४१ टक्के भाग निव्वळ क्लोरीन आहे.

खालच्या वातावरणात हायड्रॉक्सिल नावाचा एक अल्पायुषी, अतिशय क्रियाशील घटक असतो. तो आर-२२ मधल्या हायड्रोजनवर हल्ला करतो आणि रेणू मोडतो. म्हणून आर-२२ चं सरासरी आयुष्य सुमारे १२ वर्षं. जुन्या फ्रीजमधल्या सीएफसी-१२ मध्ये हायड्रोजनच नाही, त्यामुळे तो सुमारे शंभर वर्षं टिकतो. एवढ्या एका हायड्रोजनमुळे आर-२२ ची ओझोनक्षय क्षमता, म्हणजे ओझोन मोडण्याची ताकद, ०.०५५ धरली जाते; सीएफसी-११ या गॅसची १ धरून हे माप काढतात. ती कमी आहे, पण शून्य नाही.

खाली न मोडलेला हिस्सा उष्ण कटिबंधातल्या चढत्या हवेबरोबर समताप आवरणात पोचतो. ही चढती हवा आपल्याच पट्ट्यातली. तिथे, साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, ओझोनचा थर आहे. जोरदार अतिनील किरणांत आणि तिथल्या रासायनिक क्रियांत रेणू तुटतो आणि क्लोरीनचा अणू सुटतो. तो ओझोनमधला एक ऑक्सिजन ओढून घेतो; उरतो साधा ऑक्सिजन आणि क्लोरीन मोनॉक्साइड. या मोनॉक्साइडला सुटा ऑक्सिजन अणू भेटला की क्लोरीन पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनकडे वळतो. अणू स्वतः खर्च होत नाही. हायड्रोजन क्लोराइड किंवा क्लोरीन नायट्रेटमध्ये अडकून पडेपर्यंत तो हजारो ओझोन रेणू मोडतो. हे गणित मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं.

"म्हणजे आपल्या डोक्यावर भोक पडलंय?" हा दुसरा प्रश्न. नाही. आपल्यावरचा थर मुळातच ध्रुवांपेक्षा पातळ असतो, साधारण २५० ते २८० डॉब्सन एकक. जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंशाला आणून दाबला तर त्याची जाडी जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरेल. पण खरा ऱ्हास अंटार्क्टिकावर होतो. तिथल्या हिवाळ्यात तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेलं की समताप आवरणातही ढग तयार होतात. त्या कणांच्या पृष्ठभागावर अडकलेलं क्लोरीन पुन्हा क्रियाशील रूपात सुटतं, आणि वसंतात सूर्य उगवला की ओझोन भराभर मोडतो. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे १९८५ मध्ये जगापुढे आणलं. कोकणातल्या गच्चीवरून सुटलेला रेणू आणि अंटार्क्टिकावरचं भोक यांचा संबंध असा आहे: हवा एकच आहे, आणि गॅसला गावाची हद्द ठाऊक नाही.

यानंतर हिशोब फळ्यावर मांडला. चार वर्षांतले १४६ किलो गुणिले ०.०५५, म्हणजे ओझोनच्या दृष्टीने सुमारे ८ किलो सीएफसी-११ सोडल्याइतकं. आर-२२ उष्णताही अडकवतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,७६० पट, म्हणून तेच १४६ किलो म्हणजे सुमारे २५७ टन कार्बन डायऑक्साइड. हा दुसरा आकडा ऐकल्यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

वेळेचा दाब

ओझोन मोडणारी रसायनं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा माँट्रियल करार १६ सप्टेंबर १९८७ चा. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आपल्यासारख्या देशांसाठी आर-२२ च्या गटाची कपात टप्प्याटप्प्याने ठरली आहे. आधारपातळीच्या तुलनेत २०२० पासून ३५ टक्के, २०२५ पासून ६७.५ टक्के आणि २०३० पासून ९७.५ टक्के. त्यानंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडासा हिस्सा २०४० पर्यंत. म्हणजे वर्षाला ५५ किलो पिणारं यंत्र आणखी पाच-सहा वर्षं चालवायचं असेल तर गॅस दरवर्षी महाग आणि दुर्मीळ होत जाणार. माँट्रियल करारातल्या या पायऱ्यांमुळेच २०२२ च्या जागतिक शास्त्रीय आढाव्यात थर भरून येण्याची वर्षं सांगता आली: जगाच्या बहुतेक भागावर २०४० च्या आसपास, अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास. गळणाऱ्या यंत्रात गॅस ओतत राहणं हे त्या हिशोबाच्या उलट दिशेने चालणं आहे.

कामाला मुदत ठरलेली होती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. शीतगृह रिकामं करता येईल असे हेच ६१ दिवस.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: गळती काढा, आर-२२ तसाच ठेवा. खर्च सर्वांत कमी. पण फ्रीझर-१ चा कंप्रेसर बदलावाच लागणार होता, आणि नव्या कंप्रेसरमध्ये मावळतीला लागलेला गॅस भरणं मंडळाला पटेना.

दुसरा, सगळीकडे आर-४०४ए. विक्रेत्यांचा जोर यावरच होता, कारण माल हाताशी असतो. यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका शून्य. पण तापमानवाढ क्षमता ३,९०० च्या वर, आर-२२ च्या दुप्पट. माँट्रियल करारात पुढे झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात या गटाच्या वापरावर २०२८ मध्ये मर्यादा येते आणि २०३२ पासून कपात सुरू होते. एका मावळत्या गॅसवरून दुसऱ्या मावळत्या गॅसवर उडी मारण्यात अर्थ नव्हता.

तिसरा, अमोनिया. शेजारीच दोनशे मीटरवर बर्फाचा कारखाना अमोनियावर चालतो, त्यामुळे गावाला तो परका नाही. ओझोनला निरुपद्रवी, तापमानवाढ जवळजवळ शून्य, कार्यक्षमता उत्तम. पण अमोनिया तांबं आणि पितळ खातो. सगळी पाइपलाइन, कॉइल, व्हॉल्व्ह पोलादी लागतात. म्हणजे यंत्रणा नव्यानेच उभारायची. शिवाय घरं भिंतीला लागून. हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) झालं की जिवाला तात्काळ धोका मानला जातो. संस्थेकडे चोवीस तास प्रशिक्षित ऑपरेटर नव्हता. दोन महिन्यांत हे होणार नव्हतं.

चौथा पर्याय कोणी मागितलाही नव्हता, तो आपणहून दारात आला. "आर-२२ च्या जागी थेट चालतो" असं सांगून एक सिलिंडर बाजारभावाच्या दोन तृतीयांश दरात देऊ केला गेला. व्यवस्थापकाने दोन चाचण्या केल्या. सिलिंडर रात्रभर सावलीत ठेवून सकाळी ३० अंशांना दाब मोजला. आर-२२ असता तर गेज १५८ पीएसआय दाखवायला हवा होता, दाखवला १४३. आणि वजन: त्याच आकाराच्या, तेवढ्याच भरलेल्या आर-२२ च्या सिलिंडरमधल्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही खुणा प्रोपेनच्या. प्रोपेन वाईट गॅस नाही. त्यासाठीच बनवलेल्या, थोड्या गॅसच्या बंद यंत्रात तो उत्तम चालतो. पण ३८ किलोच्या जुन्या यंत्रणेत, ठिणगी पाडणाऱ्या स्विचगियरच्या खोलीत, गळक्या जोडांसकट प्रोपेन भरणं म्हणजे शीतगृहात पेट घेण्याची सोय करून ठेवणं. सिलिंडर परत गेलं.

स्वस्त गॅस हातात आला तर ही दाब-तापमानाची चाचणी प्रत्येकाने करावी. कुठल्या बनावट सिलिंडरात मिथाइल क्लोराइडही निघतो. तो अॅल्युमिनियमशी क्रिया करून असा पदार्थ तयार करतो, जो हवा लागताच पेट घेतो. कंप्रेसर उघडणाऱ्या मेकॅनिकच्या तोंडावर.

निर्णय

मे महिन्यात मिश्र मार्ग ठरला. फ्रीझर-१ ला नवा कंप्रेसर आणि नवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह (द्रव गॅसचा दाब उतरवून तो कॉइलमध्ये सोडणारी झडप) लावून आर-४४८ए वर न्यायचं. हा पाच घटकांचा, न पेटणारा मिश्रगॅस. तापमानवाढ क्षमता सुमारे १,३९०. पूर्ण उत्तर नाही, पण जुनी कॉइल आणि पाइप वापरता येतात. फ्रीझर-२ आणि थंड खोली आर-२२ वरच ठेवायच्या, मात्र गळती मुळापासून काढून. आणि फ्रीझर-१ मधून निघालेला आर-२२ साठवून तोच या दोन यंत्रणांना पुढची काही वर्षं पुरवायचा, बाजारातून एक किलोही घ्यायचा नाही. योजनेचा गाभा हाच होता, आणि ती इथेच हुकली.

प्रत्यक्ष काम

सुरुवात गळती शोधण्यापासून झाली, गॅस काढण्याआधीच, कारण दाब असतानाच ती सापडते. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर गच्चीवरच्या वाऱ्यात फसवतो. म्हणून आधी तेलाचे डाग शोधले, कारण गॅसबरोबर तेलही झिरपतं. मग त्या जागी साबणाचा फेस लावला. अकरा जागा निघाल्या. पाच फ्लेअर जोड (नळीचं तोंड पसरवून नटाने आवळलेले), त्यातले तीन द्रव गॅसच्या नळीवरच्या ड्रायरवर, म्हणजे ओल शोषणाऱ्या गाळणीवर. तीन सर्व्हिस व्हॉल्व्ह, ज्यांची पितळी टोपणं कधीच हरवली होती. दोन कंडेन्सरच्या वळणांवर, जिथे मिठाने तांब्यावर हिरवा थर चढून सुईएवढी छिद्रं पडली होती. आणि एक लोखंडी क्लॅम्पखाली. तिथे पाइप कंपनाने घासत होता आणि खाऱ्या ओलीत लोखंडाशी जोडी लागून गंजही धरत होता.

मग गॅस काढणं. नेहमीच्या रीतीने काम झालं असतं तर व्हॉल्व्ह उघडून गॅस वाऱ्यावर सोडला असता आणि दोन तासांत सुटका झाली असती. इथे गॅस ओढून सिलिंडरात भरणारं रिकव्हरी मशीन आणलं, दोन सिलिंडर आणि वजनकाटा भाड्याने घेतला. नियम साधा: सिलिंडर ८० टक्क्यांवर भरायचं नाही, कारण उष्णतेने द्रव फुगतो. ४० लिटरच्या सिलिंडरात आर-२२ म्हणजे ३७ किलोच्या आसपास. काटा नसेल तर हे काम करूच नये.

आधी पुश-पुल पद्धतीने, म्हणजे वाफेच्या दाबाने ढकलून, द्रव ओढला, मग उरलेली वाफ. फ्रीझर-१ मधून २४ किलो निघाला, म्हणजे शेवटच्या भरणीनंतर १४ किलो गेलेलाच होता. फ्रीझर-२ मधून ३१ आणि थंड खोलीतून १९. एकूण ७४ किलो. हा सोडला असता तर ओझोनच्या हिशोबात ४ किलो सीएफसी-११ आणि सुमारे १३० टन कार्बन डायऑक्साइड एका आठवड्यात वर गेला असता.

चूक कुठे झाली ते स्पष्ट सांगायला हवं. संस्थेच्या गोदामात आधीचं ९ किलो चांगला आर-२२ असलेलं सिलिंडर होतं. फ्रीझर-१ चे २४ किलो त्याच सिलिंडरात ओढले गेले. एक सिलिंडर वाचेल, एवढाच विचार. त्यानंतर फ्रीझर-१ च्या कंप्रेसरमधून तेल काढलं तर ते काळं आणि जळक्या वासाचं. अॅसिड टेस्ट किटने रंग बदलला. २०२२ मध्ये मोटर जळल्यावर आतलं आम्ल कधी साफच केलं नव्हतं. म्हणजे ते २४ किलो दूषित, आणि त्यांच्याबरोबर चांगले ९ किलोही. एकूण ३३ किलो.

इथे पुन्हा निर्णयाची वेळ. मेकॅनिकचं म्हणणं, मशीनमधून तीन वेळा फिरवू, मोटर जळाल्यावर लावतात तो बर्नआउटचा फिल्टर-ड्रायर लावू, आम्ल निघून जाईल. एक फेरी करून पाहिली, किटचा रंग सुधारलाही. पण किट फक्त आम्ल दाखवतं. ओलावा आणि इतर घाण किती उरली हे जागेवर कळत नाही. दोन धड कंप्रेसर पणाला लावायचे का? मंडळाने नाही म्हटलं. ३३ किलोचं सिलिंडर चिठ्ठी लावून, शुद्धीकरण केंद्राकडे पाठवण्यासाठी बाजूला ठेवलं.

दुरुस्तीत जिथे शक्य तिथे फ्लेअर काढून ब्रेझिंग केलं, म्हणजे धातू वितळवून जोड पक्का केला, नळीतून नायट्रोजन सोडत. नाहीतर आतून काजळी धरते आणि ती एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते. सगळ्या व्हॉल्व्हना टोपणं. क्लॅम्पखाली रबर. दोन कंडेन्सरची कॉइल इपॉक्सी लेपाची घेतली आणि पश्चिमेला जाळीदार आडभिंत घातली.

दाबचाचणी नायट्रोजनवर, १५ बार, चोवीस तास. ऑक्सिजन कधीच नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट. तापमानाची नोंद महत्त्वाची ठरली: रात्री पाऊस पडून तीन अंश उतरले की दाब सुमारे ०.१६ बारने आपोआप उतरतो. पहिल्या सकाळी गेज खाली दिसला, "गळतंय" म्हणून आरडाओरडा झाला. हिशोब केल्यावर फरक जवळजवळ पूर्णपणे तापमानाचा निघाला.

मग व्हॅक्यूम. जुलैतल्या दमट हवेत हे काम जिकिरीचं. नळीच्या आत ओल धरलेली असते आणि पंपाचं तेलही ओल शोषतं. दर यंत्रणेला तीनदा व्हॅक्यूम, मध्ये कोरडा नायट्रोजन भरून, आणि दर वेळी पंपाचं तेल बदलून. शेवटी ५०० मायक्रॉन (पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरइतका दाब), पंप बंद करून अर्धा तास थांबून खात्री.

फ्रीझर-२ आणि थंड खोलीत त्यांचाच गॅस परत भरला, पण आधी सिलिंडरचा दाब तपासला. फ्रीझर-२ च्या सिलिंडरने ३० अंशांना १५८ ऐवजी १६६ दाखवलं, म्हणजे आत हवा शिरली होती. नळ्या जोडताना रिकाम्या केल्या नव्हत्या. रात्रभर स्थिर ठेवून वरची वाफ दुसऱ्या रिकाम्या सिलिंडरात थोडी काढली, दाब जागेवर आला. दोन्हींत मिळून ८ किलो कमी पडत होते. ते विकत आणावे लागले. गोदामातले ते चांगले ९ किलो वेगळे राहिले असते तर नेमके पुरले असते.

फ्रीझर-१ चं काम वेगळं. जुनं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, कॉइलमध्ये चिकटून बसतं. म्हणून पॉलिओल एस्टर तेल. तीन वेळा तेल भरून, चालवून, काढून जुन्याचा अंश पाच टक्क्यांखाली आणला. हे तेल हवेतली ओल स्पंजासारखं पितं. एक डबा दुपारभर उघडा राहिला आणि दुसऱ्या दिवशी साइट ग्लासमधली (नळीवरच्या काचेतली) ओल दाखवणारी खूण हिरव्याची पिवळी झाली. ड्रायर दोनदा बदलावा लागला. गॅस ३३ किलो, वजनाने आणि द्रवरूपातच भरला. मिश्रगॅसची वाफ भरली तर घटकांचं प्रमाण बिघडतं.

निष्पत्ती

१ ऑगस्टला होड्या निघाल्या तेव्हा तिन्ही खोल्या तयार होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रीझर-१ चे ६ किलो गेले. कारण जुन्या व्हॉल्व्हमधल्या रबरी ओ-रिंग. आर-२२ आणि खनिज तेलात त्या वर्षानुवर्षं फुगून घट्ट बसलेल्या होत्या. नवा गॅस आणि नवं तेल आल्यावर आकसल्या आणि गळू लागल्या. सगळ्या बदलल्या. त्यानंतर सप्टेंबर २०२५ पर्यंत फ्रीझर-१ ला गॅस लागला नाही. आर-२२ च्या दोन यंत्रणांत चौदा महिन्यांत मिळून २ किलो. फ्रीझर-१ चा कंप्रेसर २१ ऐवजी १६ तास चालतो.

नोंदवही बदलली. आता प्रत्येक भरणीला सिलिंडरचं आधीचं आणि नंतरचं वजन, जागा आणि कारण. कोरड्या महिन्यांत दर रविवारी कंडेन्सर गोड्या पाण्याने धुतला जातो.

वेगळं काय करता आलं असतं

गॅस काढण्याआधी तेलाची अॅसिड चाचणी व्हायला हवी होती. पाच मिनिटांचं काम. ज्या यंत्रणेची मोटर कधी जळली आहे, तिचा गॅस वेगळ्या, रिकाम्या, व्हॅक्यूम केलेल्या सिलिंडरातच घ्यावा. त्याही आधीचा प्रश्न: गॅसबदलासाठी फ्रीझर-१ च निवडायला हवा होता का? साठा करायचा होता तर फ्रीझर-२ चा स्वच्छ गॅस काढून ती यंत्रणा बदलायची, आणि फ्रीझर-१ ची आतून साफसफाई करून तिला थोडे दिवस आर-२२ वर चालवायचं, असंही करता आलं असतं. कंप्रेसरचा आवाज ऐकून निवड झाली, गॅसचा विचार नंतर आला.

ओ-रिंग गॅसबदलाच्या वेळीच, न विचारता, बदलायच्या असतात. तिथे बचत केली आणि सहा किलो गॅस गमावला.

सर्वांत मोठी चुकलेली संधी मात्र शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात होती. त्यांचं मिठाचं थंड पाणी उणे ८ ते उणे १० अंशांवर फिरतं. थंड खोलीला ० ते ४ अंश पुरतात. दोनशे मीटरची इन्सुलेशन केलेली पाइपलाइन आणि एक पंप, एवढ्यावर ती खोली अमोनियाच्या थंडीवर चालली असती, आणि अमोनिया मात्र कारखान्याच्या आवारातच राहिला असता. तेव्हाच २२ किलो आर-२२ कायमचा मोकळा झाला असता, तोही स्वच्छ. ही कल्पना कोणाला सुचली ती ऑगस्टमध्ये, कारखान्याचा फोरमन बर्फाचा हिशोब करायला आला तेव्हा. वीजबिलाची वाटणी कशी करायची, यावर दोन्हीकडची बोलणी २०२६ च्या मासेमारीबंदीआधी पुरी करायची असं ठरलं होतं.

३३ किलोचं ते सिलिंडर सप्टेंबर २०२५ मध्ये अजून गोदामात होतं. जवळपास ते घेणारं शुद्धीकरण केंद्र संस्थेला मिळालेलं नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते काट्यावर ठेवून वजन लिहिलं जातं.